परसात घुमट बांधू का?

पत्र थोडक्यात असं: "वाईजवळ गावाला घर आहे, मागे साधारण ३० बाय ४० फुटांचं परस मोकळं. नोकरी संपली, हौस म्हणून ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेतली, ती खालून गच्चीवर न्यायची आणि परत आणायची यात कंबर धरते, मग आठवडा आठवडा बाहेरच काढत नाही. मेहुण्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तो म्हणतो १० फुटी फिरता घुमट करून देतो, अगदी खऱ्या वेधशाळेसारखा. पुढेमागे तेजोमेघांचे फोटोही काढायचेत. बायको म्हणते परसात घुमट दिसला की लोक कुणाची तरी समाधी समजून नारळ फोडायला येतील. पत्र्याचा करू की फायबरचा? आणि मुळात करू का? – घुमटवाला, वाई"

नमस्कार काका,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घुमट आत्ता करू नका. कधीच करू नका असं म्हणत नाहीये, आत्ता नको. मेहुण्याला नाराज करायची गरज नाही, त्याला दुसरं काम देतो, ते खाली लिहिलंय.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं आणि मला दिसलं ते एवढंच की तुमचा खरा त्रास आहे वजन उचलण्याचा. दुर्बीण हाताशी नाही म्हणून वापरली जात नाही. घुमट हे त्याच्यावरचं एक उत्तर आहे, पण सगळ्यात महागडं आणि सगळ्यात किचकट. घुमटाने नक्की काय होतं ते बघा. वारा अडतो, शेजारच्या बल्बचा उजेड थेट डोळ्यात येत नाही, आणि दुर्बिणीला सगळं उघडं आभाळ न दिसता घुमटाला ठेवलेल्या उभ्या फटीपुरतंच दिसतं म्हणून तिच्यावर दव कमी धरतं. बास. आभाळ काही त्याने काळं होत नाही हो! वाई गावाच्या लाइटींचा जो फिकट उजेड वर आकाशात पसरलाय तो फटीतूनही तेवढाच दिसणार. लोकांना वाटतं वेधशाळा बांधली की आकाश सुधारेल, तसं नसतं, आकाश जागेचं असतं. म्हणून तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने आपली २ मीटरची दुर्बीण पुण्यात न लावता ८० किलोमीटर लांब गिरवलीच्या डोंगरावर नेऊन लावली.

आता दुसरी अडचण, आणि ही तुमच्या मेहुण्याला माहीत असायचं कारण नाही. डॉब, म्हणजे तुमची डॉब्सोनियन, आणि घुमट यांचं जमत नाही. डॉब जमिनीवर बसते, तिचा वरखाली हलण्याचा सांधा जेमतेम ७० सेंटिमीटरवर. १० फुटी घुमटाची त्रिज्या दीड मीटर, आणि खालची गोल भिंत, दार नीट बसवायचं म्हटलं तर, १.३ मीटर तरी हवीच. म्हणजे फट सुरू होणार १.३ मीटरवर. करा हिशोब: मधोमध ठेवलेल्या डॉबमधून साधारण २२ अंशांच्या खालचं काहीच दिसणार नाही. आणि तुमच्याकडे अक्षांश १८, त्यामुळे अगस्तीचा तारा मध्यमंडलावर, म्हणजे त्याच्या सगळ्यात उंच जागी, येतो तेव्हा दक्षिणेला साधारण १९ अंशांवर असतो, आणि नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी, तो भला मोठा तारकागुच्छ, जो युरोपातल्या बहुतेक हौशी लोकांना घरून बघायलाच मिळत नाही, तो २४-२५ अंशांवर. म्हणजे अगस्ती भिंतीआड आणि ओमेगा सेंटॉरी काठावर लटकलेला. आपल्याला दक्षिणेचं जे आकाश फुकटात मिळालंय त्याच्यासमोरच आपण पैसे खर्चून भिंत घालायची, याला काय अर्थ आहे? बरं, डॉब चौथऱ्यावर चढवू म्हणाल तर डोक्यावरचं बघताना आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, माणसाच्या उंचीच्या वर जातो, मग अंधारात स्टुलावर चढा. या वयात नको.

आता करायचं काय ते सांगतो. सरकती शेड करा. छत सरकणारी नाही, अख्खी शेडच सरकणारी. ५ बाय ५ फुटांची, ६ फूट उंच, एका बाजूला पूर्ण उंचीची दोन दारं, खाली चार चाकं, आणि जमिनीवर दोन रूळ. दुर्बीण एका जागी कायमची उभी, संध्याकाळी दारं उघडायची, शेड ढकलून सात-आठ फूट मागे न्यायची, झालं, तुम्ही उघड्या आभाळाखाली. चाकं कुठली घ्यायची? स्लाइडिंग गेटची व्ही खाचेची चाकं कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, आणि रूळ म्हणून उलटा ठेवलेला एमएसचा (साध्या पोलादाचा) अँगल, म्हणजे त्याची कड वर येते आणि चाकाची खाच त्यावर बरोबर बसते. तुमच्या मेहुण्याने असली गेटं ढिगाने केली असतील. फ्रेम चौकोनी पाइपची, वर आणि बाजूंना रंगीत कोटिंगचा पत्रा, आतून थर्माकोलची शीट किंवा पातळ प्लाय, नाहीतर दिवसभर उन्हात आत भट्टी होते आणि तापलेला आरसा थंड होईपर्यंत गुरू म्हणजे नुसता थरथरणारा ठिपका दिसतो. बाहेरून पांढरा रंग द्या, वरती जाळी लावलेली हवेची भोकं ठेवा. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, शेड जमिनीला बांधून ठेवायला हूक हवेत, चारी कोपऱ्यांना, कारण एप्रिल-मे मधला वळवाचा वारा रिकाम्या हलक्या शेडला उचलून शेजाऱ्याच्या गोठ्यात टाकू शकतो.

छत फक्त सरकवायची पद्धत पण असते, भिंती जागेवर आणि वरचं छत रुळावरून बाजूला जातं. ती चांगली आहे, पण डॉबला पुन्हा भिंतीची तीच अडचण येते. ती पुढे मोटरवाला माउंट, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारा आधार, घ्याल तेव्हा. तोपर्यंत एक लक्षात ठेवा, परदेशी माहितीत सगळीकडे लिहिलेलं असतं की छत उत्तरेला सरकवा, तिकडे बघायचं कमी असतं. त्यांचा ध्रुवतारा वर असतो, लंडनला ५१ अंशांवर. आपला १८ वर. उत्तरेला उंच उतरतं छत जाऊन उभं राहिलं की ध्रुव गेला छताआड आणि मग माउंट लावताना बोंब. उत्तरेलाच सरकवायचं असेल तर छत बसकं करा.

आता माती. वाईच्या बाजूला कृष्णाकाठी काळी माती बऱ्याच ठिकाणी आहे, तुमच्या परसात काय आहे ते खणून बघा, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर नुसता चार इंची कोबा घातला तर दोन पावसाळ्यांत रूळ तिरके. मुरूम लागेपर्यंत खाली जा, काळी माती काढून टाका, मुरूम भरून धुमस मारा आणि मग काँक्रीट. गवंडी म्हणेल एवढ्याशा शेडला कशाला, त्याला म्हणू दे. फक्त शेडभोवती पेव्हर ब्लॉक किंवा फरशी घालायचा मोह आवरा. दिवसभर तापलेला दगड रात्री दहापर्यंत गरम हवा सोडत राहतो आणि ती हवा नेमकी दुर्बिणीसमोरून वर जाते. तुम्ही गच्चीवरून बघता तेव्हा शनीची कडी जी उकळल्यासारखी दिसते ना (तुम्ही तसं लिहिलं नाहीये पण दिसतच असणार), ती निम्मी तरी तुमच्याच स्लॅबची करणी. परसात गवत असू द्या, माती असू द्या, भाजीचे वाफे असले तरी चालतील. म्हणजे जागा म्हणून परस गच्चीपेक्षा भारीच आहे, फक्त घर आणि झाडं किती आभाळ खातात ते बघावं लागेल.

ते बघायला साधा हिशोब देतो. २० मीटरवर ८ मीटर उंच घर असेल तर ते डोळ्याच्या पातळीवरून १८ अंशांपर्यंतचं आकाश झाकतं. म्हणजे शेजाऱ्याचं दुमजली घर बरोबर उत्तरेला तेवढ्या अंतरावर असेल तर ध्रुवतारा त्याच्या कौलावर बसलेला दिसेल. मांढरदेवीचा डोंगर त्रास देणार नाही, तो लांब आहे, काही अंशच वर येतो. दक्षिणेला काय आहे ते जास्त महत्त्वाचं, तिकडे नारळ-आंबा असेल तर शेडची जागा परसाच्या उत्तर टोकाला ढकला, झाड तोडू नका. आणि जागा पक्की करायच्या आधी खुर्ची टाकून वेगवेगळ्या कोपऱ्यात रात्री बसून बघा, कुठल्या कोपऱ्यात कुणाच्या संडासाचा बल्ब डोळ्यात येतो ते कागदावर कळत नाही. शेजाऱ्याला एकदा बोलवून चंद्र दाखवा आणि मग बल्बला झाकण घालायचं बोला, अर्ज-विनंत्यांपेक्षा हे लवकर होतं. रस्त्यावरचा एलईडी असेल तर मात्र ग्रामपंचायतीत सांगून वरून पत्र्याची टोपी लावून घ्यावी लागेल.

शेड झाली की एक अख्खं वर्ष तिच्यात काढा. मी हे टाळाटाळ म्हणून सांगत नाहीये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश जवळपास मिळतच नाही, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तुम्ही त्याच्या पायथ्याशी, ढग तुमच्याच डोक्यावरून जाणार. ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी असते पण दव फार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुख्य सीझन, पण त्यातच नदीकाठचं धुकं, आणि ऊस तुटला की लोक पाचट पेटवतात त्याचा धूर. मार्चनंतर धुरळा, आकाश दुधाळ. म्हणजे खऱ्या चांगल्या रात्री किती मिळतात हे तुमच्या जागेवरून तुम्हालाच मोजायचंय, एक वही ठेवा, रोज फक्त दोन ओळी, आकाश कसं होतं आणि मी बाहेर पडलो का. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा आहे काका. दुर्बीण हाताशी असूनही पडला नाहीत तर घुमट असता तरी पडला नसतात.

यावरून पुण्याची एक गोष्ट आठवते. भावनगरच्या महाराज तख्तसिंहांच्या देणगीतून पुण्यात सायन्स कॉलेजच्या आवारात, म्हणजे आत्ताच्या सीओईपीत, १८८८ साली वेधशाळा उभी राहिली, कावसजी नायगमवालांनी उभी केली, त्यात ग्रब कंपनीची २० इंची दुर्बीण, त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला मात्र त्यांना ती वेधशाळा मागे ठेवून सोलापूरकडे जेऊरला जावं लागलं, कारण सावली पुण्यावरून गेलीच नाही. आणि १९१२ मध्ये ते निवृत्त झाले तशी वेधशाळा बंद झाली, दुर्बीण गेली कोडाईकनालला. एवढी मोठी वास्तू, पण चालत होती एका माणसाच्या नादावर. म्हणून म्हणतोय की आधी नाद किती टिकतो ते बघा, मग वास्तू.

आता समजा वर्ष झालं, वही भरली, फोटोचं वेड पण खरंच लागलं, तर मग घुमट करा, आणि खुशाल करा, तेव्हा मी नाही म्हणणार नाही. फोटोसाठी डॉब चालणार नाही, आकाशाबरोबर फिरणारा विषुववृत्तीय माउंट लागेल, आणि त्यासाठी मधोमध खांब. हा खांब म्हणजे वेधशाळेचा जीव आहे, घुमट ही नुसती टोपी. साधारण तीन फूट लांब-रुंद-खोल काँक्रीटचा ठोकळा जमिनीत, मुरमावर, त्यात जे आकाराचे अँकर बोल्ट, त्यावर ८ इंच व्यासाचा जाड लोखंडी पाइप, आत कोरडी वाळू भरलेली म्हणजे टिचकी मारली तर घुमत नाही. आणि आजूबाजूची फरशी त्या ठोकळ्याला कुठेही चिकटता कामा नये, चारी बाजूंनी इंचभर फट, नाहीतर तुम्ही एक पाऊल टाकलं की फोटोत तारे शेवयांसारखे लांब होतात. माउंट विकत घेताना त्याची अक्षांशाची पट्टी १८ पर्यंत खाली येते का ते बघून घ्या, आणि १८ वर लावल्यावर वजनाचा दांडा तिवईच्या पायाला आपटतो का ते पण, आपल्याकडे ही कटकट कॉमन आहे, सडपातळ खांबावर ती बरीच कमी होते.

घुमटाचं गणित मेहुण्यासाठी. अर्धगोल एका पत्र्यातून वाकत नाही, त्याच्या पाकळ्या कापाव्या लागतात. ३ मीटर व्यासाच्या घुमटाला १६ पाकळ्या धरा, प्रत्येक तळाशी ५८.९ सेंटिमीटर रुंद आणि तळापासून टोकापर्यंत कमानीवर मोजली तर २.३६ मीटर लांब. मध्ये रुंदी कशी कमी होते तर ३० अंशांवर ५१, ४५ वर ४१.७, ६० वर २९.५. प्लायचा एक साचा कापून सगळ्या त्यावरून कापायच्या, जोडाला एक-दीड इंच जास्त ठेवायचा, पॉप रिव्हेट आणि सिलिकॉन. पण पाकळ्या सोप्या आहेत, खरी परीक्षा खालच्या गोल कड्याची. ते कडं हाताने ठोकून गोल करायला देऊ नका, रोलिंग मशीनवर वाकवून घ्या, आणि व्यास दहा ठिकाणी मोजा. कडं अंडाकृती झालं की घुमट दोन ठिकाणी अडकणार आणि दोन ठिकाणी खडखडणार, आणि रात्री अकराला तो आवाज सगळ्या आळीला ऐकू जाणार. चाकं भिंतीवर उलटी बसवा, म्हणजे चाक जागेवर आणि कडं त्यावरून फिरतं, आठ-दहा नायलॉनची चाकं पुरे, शिवाय बाजूने सरकू नये म्हणून आडवे रोलर आणि वर उडू नये म्हणून पकडी. पकडी विसरलात तर वळवाचं वर सांगितलंच आहे.

फट किती ठेवायची? ६० सेंटिमीटर तरी, आणि ती डोक्यावरच्या बिंदूच्या पलीकडे एक फूटभर जायला हवी, नाहीतर बरोबर वरचं आकाश, जे सगळ्यात स्वच्छ असतं, तेच झाकलं जातं. आकाश तासाला १५ अंश सरकतं, त्यामुळे एवढ्या फटीतून ८ इंची नळी एका कडेला लावून सोडली तर तासाभराने दुसऱ्या कडेला टेकते, म्हणजे पाऊण तासाने उठून घुमट हाताने ढकलायचा. चहा करायला उठता तेव्हा ढकला, मोटर वगैरेच्या भानगडीत लगेच पडू नका.

पत्रा की फायबर? एकच नग करायचाय, त्यामुळे फायबरचा साचा करण्यात जेवढा खर्च तेवढ्यात पत्र्याचा अख्खा घुमट होईल. पण तुमच्या ओळखीत कुणी फायबरच्या टाक्या किंवा बोटी करणारा असेल तर फायबर केव्हाही सरस, गंजत नाही, तापतो कमी, पावसात ताशा वाजल्यासारखा आवाज नाही. ओळख नसेल तर जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, पत्रा, बाहेरून पांढरा, आतून काळा मॅट. साधा एमएस पत्रा नकोच, तुमच्या पावसात त्याची चाळण होईल.

घुमट असो की शेड, पावसाळ्यात आयपीस आणि सुटे आरसे-बिरसे आत घरात आणा, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून, जेल ओलं झालं की कढईत गरम करून परत टाका. बुरशी एकदा काचेवर धरली की कोटिंग खाते, ती पुसून जात नाही. मोठी नळी पण शक्यतो घरातच. बाहेर उंदीर वायरी कुरतडतात, गांधीलमाशा नळीत घर करतात, आणि परसातल्या शेडमध्ये हात घालायच्या आधी बॅटरी मारून बघायची सवय लावा, थंडावा बघून साप येऊन बसतात. लाइट घेताना आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आणि अर्थिंग नीट करून घ्या, दवाने ओल्या गवतात अनवाणी उभं राहून आपण वायरी हाताळत असतो.

परवानगीचं म्हणाल तर चाकांवरच्या शेडला सहसा कुणी विचारत नाही, पण काँक्रीट, भिंती आणि घुमट म्हटलं की ते बांधकाम झालं, तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन लेखी विचारा आणि हद्दीपासून जागा सोडा. भाऊबंदकीत असल्या गोष्टी नंतर उकरून निघतात.

आणि पैसे घालायच्या आधी चार लोकांची वेधशाळा बघून या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं, तिथे हौशी लोक भेटतात, त्यांच्या दुर्बिणींना डोळा लावून बघता येतो, आणि कुणाला काय पस्तावलं ते चहावर मोकळेपणाने सांगतात. काकूंना पण न्या. समाधीचं त्या म्हणाल्या ते मला फार आवडलं आणि त्यांचं अगदीच चुकीचं नाही, रस्त्यावरून दिसेल असा घुमट झाला की चौकशीला माणसं येणारच, फक्त नारळाऐवजी पत्रिका घेऊन येतील आणि मुलीचं लग्न कधी जमेल विचारतील. त्याची तयारी ठेवा.

मेहुण्याला या आठवड्यात शेडचं माप द्या. आणि काँक्रीट ओतताना घरापासून शेडपर्यंत दीड इंची पीव्हीसी पाइप जमिनीखालून टाकून ठेवा, त्यात एक नायलॉनची दोरी ओवून. दोन टाकलेत तर उत्तम, एक लाइटीला आणि एक पुढे कॅमेऱ्याच्या केबलला. तोंडं बुचाने बंद करा, नाहीतर उंदीर सरळ घरातच येतील.